हेल्मेटला दीड इंच माया

"यष्टीत कुणी टोपडं घाला म्हणत न्हाई..." बुटाची नाडी बांधता बांधता आमचे हे पुटपुटले. मी हातभर अंतरावर ब्लाउजला हुक लावत बसले होते. माझ्या कानातून ते सुटतंय होय!

"काय म्हणालात?"

"कुठं काय! पेट्रोल लई महाग झालं म्हणून राहिलो." आणि डबा काखेत मारून हे बसस्टँडकडं पसार!

काल प्लग खराब होता. परवा क्लचची तार. त्याच्या आधी म्हणे गाडीलाच आराम पाहिजे होता! हे रेणापूरच्या शाळेत क्लार्क आहेत. चौदा वर्षं लातूर-रेणापूर मोटारसायकलवर गेलेला माणूस दिवाळीआधीपासून एसटीनं जातोय, आणि गाडी अंगणात ताडपत्री पांघरून बाळंतिणीसारखी पडून! दर रविवारी मागं बसून गंजगोलाईच्या बाजारात चक्कर मारायचं माझं सुख गेलं, ते वेगळंच.

कारण घरात सगळ्यांना ठाऊक होतं. लोकांनी रस्त्यावर सोयाबीन वाळत घातलं होतं, त्याच्यावरून ह्यांची गाडी बसली. हाव, 'बसली'! गुडघा फुटला, कोपर सोललं, रस्त्याच्या कडेला घेतलेलं स्वस्तातलं हेल्मेट भुईमुगाच्या शेंगेसारखं दोन फाका झालं. पण हे दारात येताच म्हणाले, "काही न्हाई, गाडी जराशी बसली." सासूबाई हळद लावता लावता म्हणाल्या, "बसली असंल बाबा." मीही मान हलवली. झालं! तेव्हापासून आमच्या घरात तोच शब्द. हेल्मेटच्या एका फाकेत सासूबाई पाखरांना पाणी ठेवतात, दुसरीत मी कपड्यांचे चिमटे.

मी ठरवलं, ह्यांना परत गाडीवर बसवायचं तर डोक्यावर असं हेल्मेट पाहिजे, की साक्षात यमाचा रेडा धडकला तरी टेंगूळ रेड्यालाच यावं!

पंधरा दिवस मोबाईलवर अभ्यास केला. आयएसआयचा शिक्का पाहिजे. शिक्क्याच्या वर आयएस ४१५१ पाहिजे, खाली लायसनचा नंबर पाहिजे, आणि तो नंबर सरकारी ॲपवर टाकून बघितला पाहिजे. शिक्का नसलेलं हेल्मेट म्हणजे नुसतं पातेलं! साडी घेताना मी काठ उलटून बघते, तशी हेल्मेटं उलटून बघायला शिकले. परीक्षा असती तर लातूर पॅटर्नमध्ये पहिली आले असते!

राहिलं माप. आता मापाचं मला कुणी सांगायचं? अठरा वर्षं ब्लाउज शिवते. एकही परत आलेलं नाही! एक आलं होतं, पण ती बाई मधल्या काळात माहेरी जाऊन आली होती.

रविवारी दुपारी हे घोरत होते, तेव्हा टेप काढून भुवईच्या वर बोटभर सोडून डोक्याला गुंडाळला. ह्यांनी एक डोळा उघडला.

"काय करून राहिलीस?"

"उवा बघून राहिले. झोपा!"

झोपले. आकडा आला तेवीस इंच. त्यात मी घातली दीड इंच माया. शिवणीत जास्तीचं कापड दाबून ठेवतो, त्याला आम्ही माया म्हणतो. माया ठेवल्याशिवाय माझा हातच चालत नाही. माणूस आज आहे तेवढाच उद्या राहतो का?

तडक गुंडप्पाच्या दुकानात गेले. हा उदगीरकडचा माणूस. पाठीमागं भिंतभर हेल्मेटं, जशी काय रावणाची सगळी भावकी टांगलेली!

"साईज काय वहिनी?"

"साडेचोवीस इंच."

"अय्यो! कुणाचं डोकं हाय हे?"

"तुम्ही काढा हो! आणि शिक्का दाखवा आधी."

शिक्का बघितला, नंबर ॲपवर टाकला, अंगठ्यानं शिक्का खरवडून बघितला. गुंडप्पा घामाघूम! "घालणाऱ्याला आणलं असतं तर..." असं काहीतरी तो म्हणत होता. मी ऐकलं नाही. विजयी वीरासारखी हेल्मेट मांडीवर घेऊन रिक्षात बसले.

घरी सासूबाईंनी नवीन वस्तूची पूजा मांडली. ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढलं, ते नेमकं समोरच्या काचेवर!

"आत्या, तिथून बघायचं असतं!"

"मंग देवानं कुठून बघायचं? राहू दे."

ह्यांनी आधी गाडीकडं बघितलं, मग माझ्याकडं. "प्लग..."

"बदलला."

"क्लचची..."

"तीबी बदलली. मेकॅनिक काल येऊन गेला."

आता सुटका नव्हती! ह्यांनी हेल्मेट घातलं. ते बादलीसारखं खांद्यापर्यंत आलं. गाडी सुरूसुद्धा केली नाही, नुसती स्टँडवरून काढून दोन पाय टेकवून उभे राहिले. मी म्हटलं, "उजवीकडं बघा बरं." ह्यांनी मान उजवीकडं वळवली आणि हेल्मेट आपलं सरळ रेणापूरकडंच बघत राहिलं! आतून आवाज आला, "अगं, अंधार पडला!" मान झटक्यात परत आली, तसं हेल्मेट डावीकडं फिरलं. आता मोकळ्या बाजूला ह्यांचा नुसता एक कान दिसत होता. कान काय बघणार! हे घाबरले, हँडल सुटलं, आणि बंद गाडी, उभी गाडी, ह्यांना घेऊन हळूहळू, म्हैस बसते तशी, पाण्याच्या ड्रमवर कलंडली!

शेजारच्या उमाबाईंनी भिंतीवरून डोकं काढलं. "अगं बाई! पडले का काय?"

"न्हाई, बसली!" मी म्हणाले.

"बसली!" सासूबाई म्हणाल्या.

"बसली!" ड्रमच्या मागून हेल्मेट म्हणालं.

लागलं काही नव्हतं. हेल्मेट ओढून काढताना कुंकू तेवढं सगळ्या तोंडाला फासलं. पण उठून ह्यांनी ताडपत्री ज्या मायेनं परत गाडीवर ओढली ना, ते बघून मी ओळखलं. आता ही गाडी भंगारवालाच नेणार! मी ह्यांना तसंच रिक्षात कोंबलं.

गुंडप्पानं हेल्मेट बघितलं, ह्यांचं डोकं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं.

"वहिनी, किती वाढवलं?"

"दीडच इंच."

"हेल्मेटला माया ठेवत नसतेत! गाल दाबले पाहिजेत, डोकं फिरलं की त्यानं फिरलं पाहिजे. सैल हेल्मेट आन् बिनशिक्क्याचं हेल्मेट सारखंच. पट्टा लावला तरी ऐन वेळी निसटतंय."

अठरा वर्षांत पहिल्यांदा माझं माप परत आलं! तेही अख्ख्या दुकानासमोर!

गुंडप्पानं अठ्ठावन्न सेंटीमीटरचं काढलं. शिक्का मी बघितलाच, सोडते की काय! ह्यांनी ते कसंबसं आत सारलं. गाल वर येऊन डोळे बारीक झाले. पट्टा खटकन लागला. "मान हलवा सर." मान हलली, हेल्मेट हललं. उजवीकडं, डावीकडं, वर, खाली! मला इतका आनंद झाला की मी टाळ्याच वाजवल्या.

"बघा! आता चला उद्यापासून गाडीवर!"

हे हलले नाहीत. दुकानातली चार गिऱ्हाइकं, दारातला रिक्षावाला, सगळे आमच्याकडंच बघत होते. ह्यांनी इकडंतिकडं बघितलं आणि माझ्या कानाशी वाकले. गुपित सांगायला वाकावं, तसे. आता, दोन्ही कान गच्च बंद झालेल्या माणसाला आपला आवाज कसा कळावा? ह्यांना वाटलं आपण कुजबुजतोय. आवाज गेला पार गंजगोलाईपर्यंत!

"दीपमाला, गाडी बसली नव्हती गं! मी पडलो होतो! पालथा पडलो होतो! आन् तवापासून मला लई भ्या वाटतंय!"

रिक्षावाल्यानं इंजिन बंद केलं.

मी ह्यांची काच वर केली. आत दोन डोळे, आणि भुवईत अजून थोडं कुंकू.

"मलाबी," मी म्हणाले. मग गुंडप्पाकडं वळले. "अजून एक काढा. मागं बसणारीसाठी."

"साईज काय वहिनी?"

मी पर्समधला टेप काढला आणि गुपचूप त्याच्याच हातात दिला.