सेल्फी पॉइंटविरुद्ध युनूसभाई

"तुमी पाहाच! हा सेल्फी पॉइंट इथं होतच नाही!" युनूसभाईंनी छाती ठोकून सांगितलं.

शिरपूरच्या वाटेवरच्या त्या गावात भाईंचं गाद्यांचं दुकान. समोर मोकळी जागा, तिच्यावर दिवसभर ऊन. कापूस तिथंच वाळायचा, गाद्यांना ऊन तिथंच लागायचं. आणि ग्रामपंचायतीला नेमकी तीच जागा हवी होती! गावाच्या नावाची मोठाली अक्षरं, लाल-निळे दिवे, मागे प्लास्टिकची हिरवळ. जागा गेली की धंदा बसला, या काळजीनं भाईंना घास गोड लागेना.

गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्यांनी लढाई पुकारली. विरुद्ध बाजूला शेजारचे किराणावाले गुलाबचंदशेठ. त्यांना गिऱ्हाईक हवं होतं. दोघं एकाच बाकड्यावर चहा पीत बसत आणि एकमेकांना ग्रुपवर झोडपत!

"शेठ, मले विकासाचा दुश्मन काहून म्हटलं?"

"ते ग्रुपवर इचारा ना, युनूसभाई! इथं कायले भांडून राह्यले? चहा थंडा होते."

शेवटी सरपंच मोहनसिंगांनी ग्रुपवर लिहिलं, 'लोकांले नको असन तर लोकांनी दाखवावं.'

भाईंना एकदम सुचलं! त्यांनी टाकलं, 'ज्याला ही जागा मोकळी हवी, त्यानं इथं उभं राहून फोटो काढावा आणि ग्रुपवर टाकावा!'

"उमेराचे अब्बा, जरा इचार करा," बायको सुलतानबी म्हणाली.

"इचार झाला! आता तमाशा पाह्य!"

आणि लोक आले की हो! बाया ठेवणीतल्या साड्या नेसून आल्या, पोरं गॉगल लावून आली. शिरपूरच्या जैन मंदिराकडे निघालेल्या बसमधले यात्रेकरूसुद्धा उतरले. भाई प्रत्येकाला उन्हाकडे तोंड करून उभं करत होते. गुलाबचंदशेठही केस विंचरून हजर!

"शेठ, तुमी तर पॉइंटच्या बाजूचे!"

"ते राहू द्या. फोटो लय झकास येते इथं!"

संध्याकाळी सरपंच आले ते हात जोडूनच. "युनूसभाई, उपकार झाले! इथं फोटो काढायले कोण येते, म्हणून ठराव अडला होता. तुमी तर सारं गाव आणलं!"

महिन्याभरात अक्षरं उभी राहिली. उद्घाटनाच्या फलकावर भाईंचाच त्या दिवशीचा फोटो, मूठ उगारलेला.

सुलतानबीनं तो बराच वेळ न्याहाळला. "डोये काहून मिटले?" एवढंच म्हणाली.

आता भाई गाद्या शिडीवरून दुकानाच्या टिनावर उन्हात चढवतात. मधेच खालून कोणीतरी हाक मारतं, "भाई, आमचा फोटो काढता का जरा?" भाई मुकाट्यानं उतरतात, फोन हातात घेतात.

"थोडं इकडं सरका," ते म्हणतात. "ऊन इथं चांगलं पडते."