मी नुसतं 'या' म्हटलं होतं

रोज सकाळी आरशासमोर उभं राहून हसायचा सराव करायचा असं मी ठरवलं आणि तिथूनच सगळं बिघडलं.

इंडोनेशियातल्या सोलो शहरात बु हेस्ती यांची लहानशी ट्रॅव्हल एजन्सी आहे. ('बु' म्हणजे बाई, पण नुसतं बाई म्हणायची माझी छाती नाही.) आठवीत शाळा सुटली तेव्हापासून मी तिथे काउंटरमागे बसतो. काउंटरला काच आहे, काचेला एक भोक आहे, आणि त्या भोकातून जेवढं जग आत येतं तेवढं मला पुरतं. लोकांना बालीची, बांडुंगची तिकिटं काढून देतो. मी स्वतः कुठे जात नाही. मला बस लागते.

एकदा बु हेस्ती कुठल्याशा हॉटेलात दिवसभराच्या ट्रेनिंगला गेल्या आणि दुसऱ्या दिवशी आल्या त्या वेगळ्याच नजरेने माझ्याकडे बघत आल्या.

"वासिस, तू कम्फर्ट झोनमध्ये अडकला आहेस."

"हो बु," मी म्हणालो. (कडी आतून आहे की बाहेरून, हे विचारायचं राहून गेलं.)

"अरे, तिकिटं लोक फोनवर काढतात आता. वर्ष संपलं की हा काउंटर मी बंद करणार. तुला वाढायचं असेल तर बाहेर पड, माणसांत मिसळ. समुद्रापलीकडच्या मेदानहून एक बसभर मंडळी येतेय. गाइड म्हणून तू जा. त्यांच्या म्होरक्या आहेत तिउर्मा. त्या खूश झाल्या तर डिसेंबरात त्यांच्या चर्चची सगळी मंडळी आपल्याकडे येतील, आणि तू कायमचा गाइड. नाही झाल्या, तर..."

वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. आमच्याकडे वाईट वाक्य पुरं करत नाहीत, समोरच्याने घरी जाऊन करायचं असतं.

म्हणून आरसा. तिसऱ्या दिवशी बायकोने पकडलं.

"कोणाकडे बघून हसताय?" विगातीने विचारलं.

"कोणाकडे नाही. सराव करतोय. मेदानहून बायका येणार आहेत."

"बायका?"

"पुरुषही आहेत त्यात."

"मग आधी बायकाच कशा आठवल्या?"

यावर मी आरशात बघितलं. तिथला माणूस खरोखरच काहीतरी लपवत असल्यासारखा दिसत होता.

"नवा शर्टही घेतलाय," आतून सासूबाईंचा आवाज आला. (मी सासुरवाडीतच राहतो. त्या घरात भिंतींना कान नाहीत, कारण सासूबाई असताना त्यांची गरज पडत नाही.)

ठरल्या दिवशी मी बसमध्ये चढलो. पहिल्याच बाकावर तिउर्मा बसल्या होत्या. मेदानच्या बाजारात त्यांचा भाजीचा ठोक धंदा. कांद्याच्या पोत्यात हात घालून सडका कांदा बाहेर काढावा, तशी त्यांची नजर माझ्या पोटापर्यंत जाऊन आली.

"नमस्कार इनांग," मी म्हणालो. त्यांच्याकडे वडीलधाऱ्या बाईला इनांग म्हणतात, एवढं मी पाठ केलं होतं. मग हसलो. सराव केला होता तसाच.

"हा का हसतोय?" त्यांनी मागच्या बाईला विचारलं. "पोरा, आम्हाला दुकानात कधी नेणार?"

"दुकान? नाही इनांग, दुकान नाही."

"असं कसं? मागच्या गाइडने सात दुकानं फिरवली. प्रत्येक ठिकाणी त्याचं कमिशन. तुझं कुठलं दुकान?"

खरं कारण असं की, दुकानदाराशी कमिशनचं बोलायचं म्हटलं की मला घाम फुटतो. म्हणून मी एकही दुकान ठरवलं नव्हतं. पण हे माइकवर कसं सांगणार?

राजवाड्याच्या अंगणात त्या म्हणाल्या, "छान आहे. आता दुकान?" चहाच्या मळ्यात मी बस लागल्यामुळे झाडाला धरून उभा होतो, तर म्हणाल्या, "हा तोंड लपवतोय बघा. इथेच असणार कुठेतरी." दुपारी बोकडाच्या हाडांचा रस्सा सगळ्यांनी बोटं चाटून खाल्ला. इनांगही जरा सैलावल्या.

"हे हॉटेल तुझ्या काकाचं ना?"

"नाही इनांग."

"मग मामाचं असेल."

"मला मामा नाही."

"मामाही लपवतो," त्या मागे वळून म्हणाल्या, आणि बसभर माना हलल्या.

संध्याकाळी हॉटेलकडे परतताना बस आमच्या गल्लीच्या तोंडाशी आली. आता इथे नीट लक्ष द्या. सोलोचा माणूस घरावरून कोणी चाललं की 'या ना घरी' म्हणतोच. वसुलीला आलेल्या माणसालाही म्हणतो. आणि समोरचा 'हो हो, पुन्हा कधीतरी' म्हणून पुढे जातो. या बोलण्यावर आजवर कोणाच्या घरात कोणी शिरल्याचं माझ्या ऐकिवात नाही. शिरलंच तर आधी घरच्यांना समजेनासं होईल की याला काय झालं.

माइक माझ्या हातात होता. तोंडातून सवयीने निघालं, "ही आमची गल्ली. या ना घरी."

"थांबव रे बस," इनांग ड्रायव्हरला म्हणाल्या. मग सगळ्यांकडे वळल्या. "मी सांगत नव्हते? दिवसभर दुकान दाखवलं नाही. दुकान याच्या घरातच आहे."

मेदानचा माणूस या म्हटलं की येतो. अख्खी बस उतरली.

मी पुढे धावलो. ओसरीवर सासरे उघड्या अंगाने पाट टाकून बसले होते. त्यांच्या अंगात वारं शिरलं होतं (कणकण, अंगदुखीला आमच्याकडे असं म्हणतात, आणि ते वारं ढेकरेवाटे बाहेर काढतात), आणि सासूबाई तेल लावून नाण्याने त्यांची पाठ घासत होत्या. पाठीवर लाल पट्टे उठले होते, वाघासारखे. फक्त वाघ असा बिचारा नसतो.

"बघा," इनांग फाटकातूनच म्हणाल्या. "प्रात्यक्षिकही सुरू करून ठेवलंय. तेल विकतात."

सासरे टॉवेल ओढून घरात पळाले. विगाती दारात आली, माणसं मोजायला लागली आणि मध्येच सोडून दिलं.

"हे कोण?" तिने मला कोपऱ्यात ओढलं. "काय केलंत तुम्ही?"

"मी नुसतं 'या' म्हटलं."

"एवढ्या सगळ्यांना? एकदम?"

"माइक होता हातात."

तिने ज्या नजरेने बघितलं, त्यापेक्षा आरशावरून तिला जिचा संशय आला होता ती बाई खरी निघती तर बरं झालं असतं. पण घरी आलेल्याला चहा न देता सोडलं तर सोलोत तोंड दाखवता येत नाही. ती शेजारीपाजारी पेले मागायला धावली. लगेच शेजारी कुंपणाला चिकटले. "घर विकताय का?" एकाने आशेने विचारलं.

इकडे इनांगनी तेलाची बाटली उचलून हुंगली.

"केवढ्याला?"

"अहो नाही हो," सासूबाई कुजबुजल्या. "घरचंच आहे. विकायचं नाही."

"पन्नास हजार रुपिया देते." (आमच्या रुपियात हे दोन माणसांच्या जेवणाचे पैसे.)

"नको नको. तसंच घेऊन जा."

"फुकट?" इनांगनी बाटली खाली ठेवली. "ही फार हुशार बाई दिसते. सत्तर."

"नको हो."

"नव्वद. आणि आधी माझी पाठ घासून दाखव."

आमच्याकडे तीनदा नाही म्हणावंच लागतं. चौथ्यांदा माणूस स्वतःच्या मनाने बोलू शकतो. सासूबाईंनी फडक्याला हात पुसले आणि वेगळ्याच आवाजात म्हणाल्या, "पाठ घासायची असेल तर शंभर. आत चला, पुरुष बाहेर थांबतील."

पडदा ओढला गेला. आतून पहिली ढेकर आली तेव्हा इनांगच्या अंगातलं मेदानपासूनचं वारं निघालं असावं. मग बायकांची रांग लागली. तेलाची बाटली संपली, दुसरी निघाली, मग स्वयंपाकघरातली निघाली. (ती खोबरेल होती. तिचा भाव जास्त लागला.) मी चहा वाटला. चहा घेताना प्रत्येकजण मला विचारत होता, "आणि याचे किती?" मी म्हणायचो, "काही नाही." ते पेल्यात डोकावून बघायचे.

दुसऱ्या दिवशी इनांग ऑफिसात आल्या. मी काचेमागे श्वास धरून बसलो.

"डिसेंबरची सगळी मंडळी तुमच्याकडेच पाठवते," त्या बु हेस्तींना म्हणाल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. "पण या पोराबरोबर नाही. दिवसभर कशाचे पैसे मागत नाही, दुकान नाही म्हणतो आणि फुकट चहा पाजतो. माणूस सरळ वाटत नाही. याच्या सासूला पाठवा. ती तोंडावर भाव सांगते, तिच्यावर विश्वास ठेवता येतो."

बु हेस्ती त्याच संध्याकाळी आमच्या घरी आल्या. (त्या खरोखर आत आल्या, तेव्हाच मी समजलो की प्रकरण गंभीर आहे.) सासूबाईंनी तीनदा नको म्हटलं आणि चौथ्यांदा पगार सांगितला. बु हेस्तींनी मान्य केला. मग त्यांची नजर दाराआड उभ्या असलेल्या माझ्यावर गेली. त्यांना माझी दया आली असावी.

"वासिसलाही बरोबर घ्याल ना? मदतीला? बसमध्ये माणसं मोजायला तरी होईल."

सासूबाई माझ्याकडे बघून फार गोड हसल्या.

"हो हो, बघू या ना," त्या म्हणाल्या.

आमच्या सोलोत याहून स्वच्छ नकार नसतो.