नळीचं घर

सुभेदार धुमाळांच्या स्वयंपाकघरात बूड नसलेले तीन स्टीलचे पेले आहेत. ते त्यांच्या बायकोच्या, सुमनकाकींच्या, रुखवतातले. सुभेदार फौजेतून निवृत्त होऊन विश्रामबागेत कायमचे राहायला आले, त्याच आठवड्यात त्यांनी करवत घेऊन तिन्ही पेल्यांची बुडं कापली. का, तर शेजारच्या बाईंना, म्हणजे मला, पिस्तुलाच्या नळीच्या पिढ्यांमधला फरक समजावून सांगायचा होता. मी तसं काही विचारलं नव्हतं. "काका, फौजेत काय काम करत होता?" एवढंच मी कुंपणावरून विचारलं होतं.

ते आर्मरर होते, म्हणजे पलटणीची हत्यारं दुरुस्त करणारे. लोणंदजवळच्या खेड्यातला हा माणूस नोकरीत देशाच्या चारी टोकांना राहून आला. पण त्यांच्याकडून बर्फाचं किंवा वाळवंटाचं वर्णन ऐकायला मिळेल या आशेवर कुणी बसू नये. बर्फात कुठल्या पिढीची नळी आखडते आणि वाळूत कुठली, एवढंच कळेल. मी शाळेत गणित शिकवते, त्यामुळे मला नेमकं बोलणारी माणसं आवडतात. इतकं नेमकं बोलून इतका वेळ खाणारा माणूस मात्र मी दुसरा पाहिला नाही.

"हे लाटणं म्हंजे नळी," त्यांनी सुरुवात केली. काकी कणीक भिजवून लाटण्याची वाट बघत उभ्या होत्या. "आन् ह्यो पैला पेला म्हंजे जुनं पिस्तूल. नळी ढिली. चिखलात पडू द्या, वाळूत पडू द्या, गोळी सुटनार म्हंजे सुटनार. पर नेम? लावला छातीवर, लागला खांद्याला." लाटणं पेल्यात खुळखुळलं. "मंग लोक शानं झालं. नळी घट्ट बसवली." दुसऱ्या पेल्यात त्यांनी लाटणं ठोकून बसवलं. "आता नेम लय झ्याक. पर धुळीचा कण गेला की बसली अडकून."

लाटणं खरोखरच अडकून बसलं. ते सुटायला बराच वेळ आणि वाटीभर गोडं तेल लागलं.

"आता ही नव्या पिढीची." लाटण्याच्या टोकाशी त्यांनी दोरा गुंडाळला. "बाकी समदीकडं ढिली, फकस्त टोकाशी घट्ट. दर गोळीला नळी जागची हलती बाई. मागं सरती, खाली झुकती, परत वर येती. परत आली की केसाचाबी फरक न करता आपल्या घरात बसली पायजे. तवा नेम लागतोय." लाटणं तिसऱ्या पेल्यात टक्कन बसलं आणि सुभेदारांचा चेहरा उजळला. "आली घरी!"

त्या दिवशी त्यांच्या चपातीत दोरा निघाला, असं काकी अजून सांगतात.

पुढे 'आली घरी' आमच्या अख्ख्या गल्लीच्या कानात बसलं. कुणाच्या कुकरचं झाकण, कुणाची खिडकी, कुणाच्या स्कूटरची डिकी, सगळं त्यांच्याकडे जातं. सुभेदार ते कानाशी धरून हलवतात आणि निदान दरवेळी एकच सांगतात: "वस्तूचा दोष न्हाई, घर बघा घर." मग मागच्या खिशातल्या कापडी पिशवीतून बारीक कानस निघते. काम झालं की कानस पुसून आधी पिशवीत, पिशवी खिशात, आणि मगच पुढचं बोलणं. माझ्या सासूबाईंच्या कवळीपुढे दातांच्या डॉक्टरांनी हात टेकले होते. सुभेदारांनी ती दोन दिवस घासली. तिसऱ्या दिवशी सासूबाई आ वासून खुर्चीत बसल्या, सुभेदारांनी अंगठ्याने कवळी दाबली, आवाज झाला. "आली घरी!" सासूबाई आजही त्याच कवळीने भाजके शेंगदाणे खातात आणि मला आवाज करून दाखवतात.

या नादापायी एकदा त्यांना पोलीसचौकी बघावी लागली. विट्याच्या एसटीत बसून ते फौजेतल्या जुन्या दोस्ताशी फोनवर बोलत होते. "गड्या, पैल्या पिढीचं कशाला वापरतोस? दोन बार फुकट जातील. नव्या पिढीची नळी घाल, एका दणक्यात काम हुतंय!" शेजारचा प्रवासी उठून उभा राहिला, पुढच्या बाईंनी देवाचं नाव घेतलं आणि कंडक्टरने गाडी थेट चौकीशी न्यायला लावली. दोन तासांनी सुभेदार बाहेर आले, तेव्हा हवालदार त्यांना चहा पाजून निरोप देत होता. टेबलावर पेनाची टोपणं आणि कागदाचे कप पिढीवार मांडलेले होते. विट्याला त्यांचं काय काम होतं, हे मात्र विचारायचं माझ्या तेव्हा डोक्यात आलं नाही.

एकदा त्यांनी मला नळीचं तोंड समजावलं. "नळीच्या आत आटे असत्यात. त्यांनी गोळी भिंगरीवानी फिरती, म्हनून सरळ जाती. पिढी बदलली तशी आट्याची धार बदलली, कुनी गोल केले, कुनी परत धारदार. पर खरी गोम शेवटाला हाय. गोळी भाईर पडताना तिला शेवटचा हात लागतोय तो नळीच्या तोंडाचा. तितं बारीक जरी चरा असला, तर मागचं समदं पान्यात. गोळी वाकडी जाती, आन् एकदा गेल्यावर मागनं कायबी करता येत न्हाई." एवढं बोलून ते उठले आणि घरी गेले. मला वाटलं, चहाची वेळ झाली असेल.

आता गंमत ऐका. गल्लीभरची दारं सरळ करणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या घराचं पुढचं दार धड उघडत नव्हतं. दार खाली झुकलेलं, कुलूप झिजलेलं. गुडघ्याने दार वर उचलायचं, किल्ली अर्धी फिरवायची, दार आपल्याकडे ओढायचं, मग किल्ली उरलेली अर्धी फिरवायची. या क्रमात चूक झाली की पुन्हा पहिल्यापासून. मी किती चिडवलं असेल त्यांना! "काका, निदान स्वतःच्या दाराचं तरी घर बघा." ते दरवेळी "बघतो की कवातरी" म्हणत आणि विषय नळीवर नेत.

त्या घरात एक लेक होती, वैशाली. तिला कॉलेजला चालत जाता यावं म्हणूनच सुभेदारांनी नोकरीत असताना इथे घर बांधलं होतं. तिचं लग्न त्यांनी एका फौजी दोस्ताच्या मुलाशी ठरवून टाकलं. तिने परस्पर विट्याच्या मुलाशी लग्न केलं; त्याच्या घरची कानपूरला गलाईची, म्हणजे सोनं गाळून शुद्ध करायची, पेढी आहे, आणि ती तिकडेच राहायला गेली. त्यानंतर बापलेकीचं बोलणं बंद. काकी तिला रोज दुपारी एक वाजता चोरून फोन करत. आणि सुभेदार रोज दुपारी एक वाजता, ऊन असो की पाऊस, माझ्या सासूबाईंच्या कवळीची तपासणी करायला आमच्याकडे येत. कवळीत तपासण्यासारखं काही उरलेलं नाही, हे सासूबाईंच्या माझ्याआधी लक्षात आलं होतं.

या उन्हाळ्यात काकींचे गुडघे पार गेले. त्यांना दार उचलता येईना. शेवटी एके सकाळी सुभेदार बाजारात गेलेले बघून त्यांनी माणूस बोलावला आणि कुलूप काढायला लावलं. सुभेदार परतले तेव्हा जुनं कुलूप पायरीवर पडलेलं आणि माणूस नव्याचं खोकं फोडत होता.

मी वह्या तपासत होते. त्यांचा पलटणीतला आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. धावत गेले तर तो माणूस हत्यारं गोळा करून निघालेला, काकी दारात उभ्या, आणि सुभेदार पायरीवर बसलेले, मांडीवर जुनं कुलूप घेऊन.

"काका, त्यांचे गुडघे तरी बघा," मी जरा रागातच म्हणाले.

"ठावं हाय." ते कुलपावरची धूळ सदऱ्याने पुसत होते. "पोरीकडं ह्याची किल्ली हाय बाई. जाताना टाकून न्हाई गेली, घेऊन गेली. कुलूप बदललं तर तिची किल्ली लागंल का?"

मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले.

"विट्याच्या यात्रंला ती येती दर साली. मी स्टँडपत्तोर जातो, च्या पितो, माघारी येतो. फुडं पाय उचलत न्हाई." त्यांनी कुलपाच्या भोकात फुंकर मारली. "ती निघाली तवा मी म्हनलो, ह्या घराचं दार तुला बंद. शेवटचा शब्द त्यो लागला तिला. तोंडालाच चरा हुता माझ्या."

काकी आत गेल्या. घड्याळात सकाळचे साडेअकरा वाजले होते, पण त्या दिवशी फोन करायला त्यांनी एक वाजायची वाट पाहिली नाही. संध्याकाळपर्यंत सुभेदारांनी जुनं कुलूप होतं तसं परत बसवलं, नवं मागच्या दाराला लावलं आणि काकींना मागून ये-जा करायला सांगितलं.

पंधरा दिवसांनी, रविवारी, मी माझ्या कुकरचं झाकण घेऊन त्यांच्याकडे गेले होते. काकी आत भाजी चिरत होत्या. सुभेदार दाराकडे पाठ करून खाली बसले होते, कानस चालू होती, आणि रबरी रिंगांच्या पिढ्या हा नवीन विषय मी मुकाट्याने ऐकत होते.

बाहेरून दाराला गुडघ्याचा दणका बसला.

कानस थांबली. किल्ली अर्धी फिरली. दार बाहेरच्या बाजूला ओढलं गेलं, मग उरलेली अर्धी. एकदाही न चुकता. दाराची ही खोड माहीत असलेली आम्ही तिघं तर घरातच होतो. आतलं विळीचं कुरकुरणंही बंद झालं.

टक्कन आवाज झाला आणि दार उघडलं.

"आन्ना," दारातून आवाज आला, "अजून गुडघाच लावायला लागतोय व्हय?"

सुभेदारांनी मान वळवली नाही.  मग त्यांनी झाकण आणि कानस तशीच फरशीवर टाकली, न पुसता, आणि माझा हात धरून उठले.

"आली घरी," ते म्हणाले.