गाडी गार असेपर्यंत

सकाळी पावणेसातला काटकसरे गाडीच्या बॉनेटवर तळहात टेकवून उभे होते. ताप आलेल्या लेकराचं कपाळ बघावं तसा. "गार आहे," असं त्यांनी जाहीर केलं, तेव्हा फाइल काखेत धरून उभ्या असलेल्या त्यांच्या बायकोने, रात्रभर दारात उभी असलेली गाडी गार नसेल तर काय असेल, एवढंच विचारलं आणि ती आत बसली.

काटकसरे हे त्यांचं खरं आडनाव नव्हतं. ते एका छापखान्यात मुद्रितं तपासत आणि पेन्सिल चिमटीत धरता येईनाशी होईपर्यंत वापरत. त्यावरून सहकाऱ्यांनी ठेवलेलं हे नाव पुढे असं चिकटलं, की नवा पोस्टमनसुद्धा त्याच नावाने पत्ता विचारत यायचा. गाडी त्यांनी अकरा वर्षांपूर्वी गुरांच्या एका निवृत्त डॉक्टरांकडून घेतली होती. तेव्हाच ती बारा वर्षांची होती. किंमत ऐकून शेजाऱ्यांनी, चाकांसकट का, असं विचारलं होतं. तिच्या खोडी काटकसऱ्यांना तोंडपाठ होत्या. मागची एक काच पक्कड लावून वर घ्यावी लागे. डावीकडचं पुढचं दार फक्त बाहेरून उघडे. आणि इंजीन एकदा तापलं, की रिव्हर्स गिअर पडत नसे. काटकसऱ्यांना त्याचं काहीच वाटत नव्हतं. ते गाडी नेहमी तोंड बाहेर करून लावत, आणि माणसाला मागे जायचं कारणच काय, असं वर विचारत.

ते कारण आता बायकोच्या रूपाने समोर आलं होतं. एकोणीस वर्षं ती रुग्णालयात परिचारिका होती आणि त्यातली निम्मी रात्रपाळीत गेली होती. आता तिथे एक नवी जागा निघाली होती. घरोघरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्या पेशंटांना बघायचं. काम दिवसाचं, गाडी रुग्णालयाची, अट एकच, लायसन्स हवं. अर्जाची मुदत महिनाअखेरपर्यंत. बायकोने ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकून घेतलं होतं. वाहन परीक्षेची तारीख मिळाली ती आजची, आणि आजची हुकली तर पुढची दोन महिन्यांनी.

परीक्षेला गाडी आपली आणायची होती, आणि खांबांच्या मधून ती मागे नेऊन दाखवायची होती. एका दिवसापुरती दुसरी गाडी भाड्याने घेऊ, असं बायकोने तीनदा सुचवून पाहिलं. पण स्वतःची गाडी दारात असताना भाड्याच्या गाडीत बसायचं, ही कल्पनाच काटकसऱ्यांना सहन होईना. त्यांनी तोड काढली. आपली वेळ अकराची. आपण सातलाच जाऊ. गाडी चार तास उभी राहील, गार होईल, आणि निमूटपणे मागे जाईल.

मैदान कार्यालयाच्या मागे होतं. तिथे पोचल्यावर कळलं, की गाड्या रांगेत लावायच्या असतात आणि रांग पुढे सरकली की आपणही सरकायचं असतं. त्यांच्या पुढे चौदा गाड्या होत्या. दर पंधरा-वीस मिनिटांनी गाडी चालू केली, तर ती गार कसली होणार?

काटकसऱ्यांनी सदऱ्याच्या बाह्या दुमडल्या. "तू स्टिअरिंग धर," ते म्हणाले. "मी ढकलतो."

पहिल्या दोन वेळा कुणाच्या लक्षात आलं नाही. तिसऱ्या वेळी मागच्या गाडीतले एक धिप्पाड गृहस्थ दया येऊन उतरले आणि हात लावू लागले. चौथ्या वेळी आणखी दोघं आले. गाडी बंद पडलीय असंच सगळ्यांना वाटत होतं, आणि काटकसरेही ते नाकारत नव्हते, कारण खरं सांगितलं असतं तर हात कमी झाले असते. एका बाईंनी बायकोला खिडकीतून पाण्याची बाटली दिली आणि धीर सोडू नका म्हणून सांगितलं. सातव्या वेळी पाच माणसं गाडी ढकलत होती, एक जण पुढे राहून "येऊ द्या, येऊ द्या" करत होता, आणि परीक्षा घेणारे साहेब कार्यालयाच्या पायरीवर उभे राहून हे सगळं बघत होते.

नंबर आल्यावर ते वही घेऊन आले. गाडीभोवती एक फेरी मारून त्यांनी विचारलं, "बंद आहे का?"

"नाही साहेब, एकदम चालू आहे," काटकसरे धापा टाकत म्हणाले.

"मग ढकलता कशाला?"

काटकसरे खोकू लागले. बायकोने मात्र खिडकीतून मान बाहेर काढून सरळ सांगून टाकलं, की गरम झाली की ही मागे जात नाही, म्हणून सकाळपासून गार ठेवलीय. साहेबांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, आणि असं असेल तर आधी मागेच घेऊ, असं म्हणून डावीकडच्या सीटवर जाऊन बसले. काटकसऱ्यांनी बाहेरून अदबीने दार लावून दिलं.

गाडी चालू झाली. गिअर पडला. खांबांच्या मधून गाडी मागे गेली ती अशी, की जन्मभर तिला दुसरा उद्योगच नसावा. रांगेतल्या पाचही जणांनी टाळ्या वाजवल्या. मग गाडी पुढच्या परीक्षेसाठी फाटकातून वरच्या रस्त्याला लागली आणि काटकसरे घाम पुसत एका दगडावर टेकले.

बाकीच्यांची फेरी दहा-बारा मिनिटांत होत होती. पंधरा मिनिटं झाली. वीस झाली. काटकसरे उठून फाटकापाशी गेले, परत आले, पुन्हा गेले. पंचविसाव्या मिनिटाला त्यांना डोळ्यांसमोर फुटलेला रेडिएटर दिसू लागला, मग निकामी ब्रेक, मग वरच्या रस्त्याचा उतार. तिथल्या तिथे उभ्या उभ्या त्यांनी मनातल्या मनात नवी गाडी घेतली, हप्त्यांसकट घेतली, रंगही बायकोला निवडू दिला.

सव्विसाव्या मिनिटाला गाडी फाटकातून आत आली. बायको उतरली. तिचा अंबाडा सुटून केस खांद्यावर आले होते आणि हात कोपरापर्यंत काळे झाले होते. साहेब मात्र आत बसूनच होते, समोर बघत, वही मांडीवर धरून. त्यांचा राग कितपत आहे याचा अंदाज घेत काटकसरे दहा पावलांवर थांबले.

"अहो, दार उघडा त्यांचं," बायको म्हणाली. "आतून उघडत नाही."

झालं होतं असं, की वरच्या रस्त्याला ॲक्सिलरेटर दाबला गेला तो तसाच अडकून बसला. ही खोड नवी होती, काटकसऱ्यांनाही माहीत नसलेली. गाडी उधळली. बायकोने गिअर काढला, ब्रेक मारला, गाडी कडेला घेतली आणि किल्ली फिरवून बंद केली. मग साहेबांच्या मनगटावर हात ठेवून, वॉर्डात बोलते त्या आवाजात, हळूहळू श्वास घ्या, आता काही होत नाही, असं सांगितलं. ते नीट श्वास घेतायत हे पाहून ती उतरली, बॉनेट उघडलं, अंबाड्यातला आकडा काढून केबलीला अडकलेला पत्रा बाजूला केला आणि मग तितक्याच शांतपणे त्यांना परत घेऊन आली.

हे सगळं खुद्द साहेबांनीच पाय मोकळे करता करता सांगितलं. शेवटी त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं.

"बाई पास," ते म्हणाले. "गाडी नापास."

काटकसऱ्यांना वाटलं होतं, हे ऐकून आपल्याला अपमान वाटेल. तो वाटायची त्यांनी थोडा वेळ वाटही पाहिली. पण छातीवरून कुणीतरी उठून गेल्यासारखं वाटलं, दुसरं काही नाही.

साहेबांनी बजावलं, की गाडी इथून थेट गॅरेजला न्यायची, अगदी सावकाश, आणि पुरती दुरुस्त झाल्याशिवाय रस्त्यावर आणायची नाही. "चालवणार कोण? तुमचं लायसन्स बघू."

काटकसऱ्यांनी पाकिटातून लायसन्स काढून दिलं. साहेबांनी ते उलटसुलट पाहिलं आणि मुदत गेल्या वर्षीच संपल्याचं दाखवलं. लोकांच्या मजकुरातला चुकलेला अनुस्वार हातभरावरून हेरणाऱ्या माणसाने ही तारीख अकरा महिने खिशात बाळगली होती. बायकोने ते लायसन्स घेऊन आपल्या फाइलीत नीट ठेवलं, आणि ते त्यांना जास्त लागलं.

तासाभराने तिचं कोरं लायसन्स हातात पडलं. काटकसरे जन्मात पहिल्यांदा आपल्या गाडीत डाव्या बाजूला बसले, आणि बायको बाहेरून त्यांचं दार लावून स्टिअरिंगमागे जाऊन बसली. अकरा वर्षं या गाडीत त्यांचा एक कान सतत इंजिनाकडे असायचा. कुठे खडखडतंय, कुठे घरघरतंय, आज काय गळून पडणार. आज तो कान रिकामा होता. तिसऱ्या चौकापर्यंत त्यांनी बायकोला दोन सूचना केल्या. चौथ्या चौकात त्यांचं डोकं काचेला टेकलं.

गॅरेजसमोर गाडी थांबली तशी मिस्त्री हात पुसत पुढे आला. आता काय झालं हिला, असं तो विचारणार, तोच बायकोने तोंडावर बोट ठेवलं.

"गाडीचं मग सांगते," ती हळूच म्हणाली. "आधी यांची झोप होऊ दे."