तक्रारसाहेब आणि कंदाचं सूप

पहिला चमचा तोंडात गेला आणि तक्रारसाहेबांच्या जिभेने क्षणभर आपलं काम सोडून दिलं. गिळावं तर घसा तयार नाही, थुंकावं तर समोर हॉटेलचे मालक उभे. शेवटी डोळे मिटून त्यांनी तो घोट खाली ढकलला.

वाडग्यातलं सूप राखाडी होतं. डोंगरात मिळणाऱ्या कुठल्याशा कंदाचं, असं मालकांनी आणताना सांगितलं होतं. त्याला दोन दिवस न वाळलेल्या मोज्यांचा वास येत होता. बायकोने एक चमचा घेऊन वाडगा हलकेच पुढे सरकवला. मेव्हण्याने नुसता वास घेतला आणि "मला सूप चालत नाही" असं जाहीर केलं.

हा मेव्हणा या सहलीचा सूत्रधार. थंड हवेच्या त्या गावात एकच लांबलचक चढाचा रस्ता होता आणि त्याच्या दोन्ही बाजूंना खाण्याची ठिकाणं. कुणी गच्चीवर, कुणी तळघरात, कुणाची काचेची खोली थेट दरीवर टांगलेली. ती सगळी पालथी घालायची आणि एका ठिकाणी दुसऱ्यांदा जेवायचं नाही, असा त्याचा बेत होता. मुक्कामाच्या हॉटेलात फक्त हे पहिलं जेवण, तेही बॅगा टाकल्या टाकल्या कडकडून भूक लागली म्हणून.

तक्रारसाहेब हे नाव ऑफिसने दिलेलं. पाणीपुरवठा खात्याच्या तक्रार खिडकीत बसून त्यांची उमर गेली होती. दिवसभर लोक त्यांच्यावर ओरडत आणि ते मान डोलावत. त्यामुळे आपण मात्र कुणाला कधी तक्रार सांगायची नाही, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. शिंप्याने शर्टाची एक बाही आखूड शिवली, तर ते तो हात जरा वाकवून वर्षभर तो शर्ट वापरत.

"काय साहेब, कसं वाटलं सूप?" मालकांनी विचारलं. मालक उंच, किंचित वाकलेले आणि सतत कशाला तरी हात पुसत असलेले गृहस्थ होते.

"असं सूप मी आयुष्यात प्यायलो नव्हतो," तक्रारसाहेब म्हणाले. हे अगदी खरं होतं.

मालकांचे हात पुसायचे थांबले. "म्हणजे आवडलं?"

इथे गप्प बसता आलं असतं. पण मालकांचा चेहरा इतका आशेने भरलेला होता, की तक्रारसाहेबांच्या तोंडून निघून गेलं, "फारच छान."

मालक धावतच स्वयंपाकघरात गेले आणि आपल्या सासूबाईंना घेऊन आले. ठेंगण्या, गोल चष्म्याच्या, हातात पळी असलेल्या त्या म्हाताऱ्या बाई तक्रारसाहेबांकडे बराच वेळ बघत राहिल्या.

"तुम्हाला आवडलं?" त्यांनी विचारलं.

"हो आजी."

"चव घेऊन बघितलीत ना?"

"घेतली ना. सुरेख."

आजींनी चष्मा काढला, ॲप्रनला पुसला, पुन्हा घातला, पुन्हा त्यांच्याकडे बघितलं आणि आत निघून गेल्या.

"भरून आलंय त्यांना," मालक हळूच म्हणाले. "या सुपाचं आजवर एकाही पाहुण्याने कौतुक केलं नाही हो. त्या आता खाली गावात बहिणीकडे राहायला जाणार होत्या. मीच म्हटलं होतं, हात थकले, आराम करा. पण असे चाहते असताना कशाला जायचं? रद्द. आता जाणं रद्द." आणि त्यांनी तक्रारसाहेबांचा वाडगा पुन्हा काठोकाठ भरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं नाश्त्याला काचेच्या खोलीत जायला निघाले, तर दारात मालक वाडगा घेऊन हजर. "आजींनी तुमच्यासाठी मुद्दाम वेगळं केलंय. उभ्या उभ्या घ्या, पण घ्या."

वेगळं होतं खरं. कालचा राखाडी रंग आता काळपट झाला होता आणि वर करपलेलं काहीतरी तरंगत होतं. मिठाचा तर हिशेबच नव्हता. स्वयंपाकघराच्या दाराच्या फटीत एक गोल चष्मा चमकत होता. तक्रारसाहेबांनी तो बघितला आणि म्हाताऱ्या माणसाचं मन मोडू नये म्हणून वाडगा एका दमात रिकामा केला. "कालच्यापेक्षाही छान," ते दाराकडे बघून मोठ्याने म्हणाले. फटीतला चष्मा एकदम नाहीसा झाला.

"तुम्हाला काय झालंय?" रस्त्यावर आल्यावर बायकोने विचारलं.

"अगं, बिचाऱ्या एवढ्या प्रेमाने करतात."

"प्रेम तुम्हाला करपलेलं लागलं नाही?"

काचेच्या खोलीत बायकोने आणि मेव्हण्याने लोणी लावलेला गरम पाव आणि मशरूम हाणले. तक्रारसाहेब दरी बघत पाणी पीत बसले.

दुपारी मेव्हण्याने युक्ती काढली. पुढच्या दाराने जायचंच नाही. तिघं मागच्या बाजूने, वाळत घातलेल्या चादरींच्या आडून सटकले आणि चढावरच्या गच्चीवर जाऊन बसले. भाजलेला मासा सांगितला. वाऱ्याची झुळूक आली, तक्रारसाहेबांचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात वेटर आला आणि त्याने त्यांच्यापुढे एक झाकणाचा डबा ठेवला.

"हे आधी घ्या साहेब. खालच्या हॉटेलातून आलंय. आमचे मालक त्यांचे चुलतभाऊ."

"आम्ही इथे आलोय हे कळलं कसं त्यांना?"

"एकच तर रस्ता आहे. सगळ्यांनाच फोन गेलेत. म्हणाले, पाहुणे लाजाळू आहेत, तोंडाने मागणार नाहीत, आपणच वाढा."

गच्चीचे मालक स्वतः येऊन कमरेवर हात ठेवून उभे राहिले. हे सूप आनंदाने पिणारा माणूस त्यांना एकदा डोळ्यांनी बघायचा होता. तक्रारसाहेबांनी तो दाखवला. या वेळी सुपात कसला तरी कडू गाळ होता, दातांत कचकच येत होता. "याला एक वेगळीच खोली आहे," ते म्हणाले आणि डोळ्यांतलं पाणी पुसलं. मासा आला तेव्हा त्यांना तो बघवेना. तो मेव्हण्याने संपवला.

संध्याकाळी तळघरातल्या आचाऱ्याने तर कमाल केली. "तुम्हीच ना ते सूपवाले?" म्हणत त्याने तिघांपुढे तीन वाडगे ठेवले. त्याने फोनवरून कृती विचारून घेतली होती. गावात नवी लाट आली आहे, आपण मागे राहायला नको, असा त्याचा हिशेब. मेव्हण्याने वाडग्याकडे बघितलं, मग तक्रारसाहेबांकडे. "भावजी," तो म्हणाला, "मी तुम्हाला आजवर कधी उलटून बोललो नाही." आणि पुढचं वाक्य त्याने मोठ्या कष्टाने गिळलं. सूप मात्र गिळलं नाही.

पण खरी आग हॉटेलात लागली होती. मालकांनी उत्साहाच्या भरात सगळ्याच पाहुण्यांना तिन्ही त्रिकाळ सूप सुरू केलं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी तक्रारसाहेबांच्या टेबलाशी एक निवृत्त दंतवैद्य, एक नवं जोडपं आणि आईला घेऊन आलेल्या व्यायामशिक्षिका अशी रांगच लागली. रांग बघताच तक्रारसाहेबांची पाठ आपोआप ताठ झाली.

"एकेक जण बोला," ते म्हणाले.

दंतवैद्यांच्या दाताला सुपाचा रंग चढला होता. नव्या नवरीने सकाळपासून नवऱ्याशी अबोला धरला होता, कारण हे हॉटेल त्याने निवडलं होतं. व्यायामशिक्षिकेची आई खोलीतून बाहेर यायलाच तयार नव्हती. तक्रारसाहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "आपली अडचण समजली," ते म्हणाले. "संबंधितांपर्यंत पोचवतो."

"संबंधित तुम्हीच आहात," दंतवैद्य म्हणाले.

लोक पांगल्यावर बायको म्हणाली, "अहो, आत जा आणि त्या आजींना खरं काय ते सांगा. नाहीतर मी सांगते. आणि मी बोलायला लागले तर ते सुपापुरतं राहायचं नाही, शर्टाच्या बाहीपर्यंत जाईल."

तक्रारसाहेब उठले. स्वयंपाकघराचं दार त्यांनी हळूच ढकललं.

आजी कंद सोलत होत्या. तक्रारसाहेबांना बघून त्यांनी सुरी खाली ठेवली. "आणखी हवंय?" त्यांनी विचारलं. आवाजात थोडी भीती होती.

"आजी, राग मानू नका. ते सूप..."

"मीठ जास्त झालं?"

"झालंय. पण तसं नाही."

"करपलं?"

"करपलंय. पण तेही नाही." तक्रारसाहेबांनी भिंतीला धरलं. "आजी, सूप वाईट आहे."

आजी स्टुलावर बसल्या. दोन्ही हात त्यांनी गुडघ्यांवर ठेवले. आता या रडणार, असं वाटून तक्रारसाहेब पाण्याचा पेला शोधू लागले.

"हे पहिल्या दिवशी का नाही बोललात?" आजींनी विचारलं.

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

"अहो, वाईट लागावं म्हणून तर मी एवढी मेहनत घेतली." आजींनी कपाळाला हात लावला. "मला सुटायचंय इथून. धाकटी बहीण वाट बघतेय माझी. दोघी पत्ते कुटणार, आयतं जेवणार. पण जावयाला कसं सांगू, की मला कंटाळा आला? म्हणतील, आमच्याकडे काय कमी पडलं? म्हणून मी सूप बिघडवायला घेतलं. आणि जावई असे भिडस्त, की रोज सकाळी तेच पितात आणि 'उत्तम' म्हणतात. शेवटी कुठे पाहुणे उठून जायला लागले, तेव्हा 'आराम करा' म्हणाले. बॅग भरली होती हो मी. तेवढ्यात तुम्ही कुठून कडमडलात?"

सापडलेला पाण्याचा पेला तक्रारसाहेबांनी स्वतःच रिकामा केला.

"काल दुपारी मी त्यात कॉफीचा गाळ घातला," आजी म्हणाल्या. "तर गच्चीवरून फोन आला, तुम्ही म्हणालात, वेगळीच खोली आहे. मला रात्रभर झोप नाही. म्हटलं, हा माणूस आहे की मोरी?"

तासाभराने तक्रारसाहेब मालकांच्या समोर उभे राहिले आणि आयुष्यातली पहिली तक्रार केली. ती इतकी उत्तम झाली, की बाहेर कान लावून बसलेल्या बायकोला त्यांचा नव्याने आदर वाटला. इतकी वर्षं ऐकलेलं सगळं कामी आलं. आधी सौम्य सूर, मग दुखावलेला सूर, मग टेबलावर एक थाप आणि शेवटी, "हे असं चालणार नाही. मी वरपर्यंत जाईन."

"वर म्हणजे कुठे?" मालकांनी घाबरून विचारलं. हॉटेलला वरचा मजला नव्हता.

"ते मी बघतो. तुम्ही आजींना बहिणीकडे पाठवा."

मालक बराच वेळ हात पुसत राहिले. "बरं," ते पडेल आवाजात म्हणाले. "संध्याकाळी जेवणं झाली की सोडून येतो त्यांना."

आजी इतक्या खूश झाल्या, की जाण्याआधीचा शेवटचा स्वयंपाक त्यांनी मनापासून केला. मंद आचेवर शिजलेली कोंबडी, लोण्यात परतलेल्या भाज्या, ताजा फुगलेला पाव, शेवटी दालचिनी घातलेली गरम सफरचंदं. नवं जोडपं एकाच ताटात जेवत होतं. व्यायामशिक्षिकेची आई खोलीतून बाहेर आली होती आणि तिसऱ्यांदा वाढून घेत होती. तीन दिवस रस्ताभर हिंडून जे मिळालं नाही, ते इथे मिळालं, असं मेव्हणा पुटपुटला. तक्रारसाहेब पावाने ताट पुसत होते.

मालक आत आले. चाटूनपुसून लख्ख झालेल्या ताटांकडे त्यांनी संशयाने बघितलं.

"साहेब, आज कसं झालंय?" त्यांनी विचारलं. "नाही म्हणजे, हे जर आवडलं असेल, तर आजींना कशाला पाठवायचं?"

खोलीतले सगळे चमचे थांबले. स्वयंपाकघराच्या दारात आजी उभ्या होत्या. अंगात कोट, पायाशी बॅग. त्यांनी तक्रारसाहेबांकडे बघून मान अगदी थोडीशी हलवली. नाही.

तक्रारसाहेबांनी तोंडातला घास सावकाश गिळला. असा घास पुन्हा मिळणार नाही, हे त्यांना कळत होतं.

"वाईट," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते.

"फारच वाईट," बायको म्हणाली आणि कोंबडीचा शेवटचा तुकडा तिने स्वतःकडे ओढला.

"इतकं वाईट मी कुठेच खाल्लं नाही," मेव्हणा म्हणाला. "थोडं उरलंय का?"

"दातांना सोसवत नाही," म्हणत दंतवैद्यांनी पाव मोडला.

मालकांनी खुर्ची ओढली, टेबलावरच्या पातेल्यातला रस पावाला लावला आणि तोंडात घातला. चावायला त्यांनी फार वेळ घेतला. मग मान वळवून दाराकडे बघितलं. आजी छताकडे बघत होत्या.

"खरंय," मालक शेवटी म्हणाले. "वाईटच आहे. तुम्ही जायलाच हवं, आई."

"तेच म्हणते मी," आजी म्हणाल्या आणि बॅग उचलली.

"निघू. पाच मिनिटं थांबा फक्त," मालक म्हणाले. त्यांनी पातेलं दोन्ही हातांनी स्वतःपुढे ओढलं आणि कुणाकडेही न बघता जेवायला सुरुवात केली.