नेसल्या गेलेल्या साड्यांचं संकट

कापड अंगावर घालण्यासाठी असतं, हा अडाणी लोकांचा गैरसमज आहे. जाणत्या समाजात कापड देण्याघेण्यासाठी असतं, आणि त्या कामी सिंथेटिक साडीचा हात कोणी धरू शकत नाही. ती विटत नाही, फाटत नाही, मातीत पुरली तरी नातवंडांच्या लग्नापर्यंत टिकते. एका पाहणीनुसार (पाहणी बालाघाटातल्या एका कपाटाची) आहेराच्या शंभरातल्या अठ्ठ्याण्णव साड्यांची घडी मोडलेली नसते. (उरलेल्या दोन साड्यांची घडी उंदरांनी मोडली.)

नूतनबाई शाळेत विज्ञान शिकवायच्या, त्यामुळे त्यांना भलतंसलतं माहीत होतं. सिंथेटिक कपडा धुतला की प्लास्टिकचे बारीक तंतू नालीतून वैनगंगेत जातात, तिथून मासळीत, मासळीतून आपल्या ताटात. वास्तविक आहेराची साडी कोणी नेसतच नाही, म्हणून ती धुतलीही जात नाही. तिच्याइतकं निसर्गप्रेमी वस्त्र दुसरं नाही. पण बाईंना सांगणार कोण? लेकीच्या, खुशीच्या साक्षगंधात, म्हणजे साखरपुड्यात, त्यांनी लामत्याहून आलेल्या मुलाकडच्या पाहुण्याबायांना वारासिवनीच्या हातमागाच्या सुती साड्या दिल्या.

आणि घात झाला. बाया त्या चक्क नेसल्या. अंगाला मऊ लागतात म्हणून धुऊन पुन्हा नेसल्या. पुढल्याच आठवड्यात त्यांच्या भावकीत लग्न निघालं, आणि द्यायला घरात कोरी साडी नाही. होणाऱ्या विहीणबाईंचा, रुख्माबाईंचा फोन आला.

"तुमच्या साड्या बाया नेसून बसल्या नं! आता आमी आहेर काय करावं?"

लग्नातही असलंच देणार असाल तर तारखेचा विचार करावा लागेल, असंही त्या शांतपणे म्हणाल्या. खुशी रडून रडून अर्धी झाली.

"मम्मी, नदी मंग वाचवजो. पह्यले माहं लग्न वाचव."

शेवटी आईचंच काळीज. नूतनबाईंनी चकचकीत सिंथेटिक साड्यांचा गठ्ठा आणला आणि लग्न थाटात लागलं. पाठवणीआधीच त्यातली एक साडी आहेर म्हणून त्यांच्या हाती परत आली. (वेग उल्लेखनीय.) रुख्माबाई खूश झाल्या, खुशी सुखानं नांदायला गेली.

वैनगंगेच्या बाजूनं बोलायला मांडवात कोणी नव्हतं. म्हणजे, तुम्ही होतात. पोटभर जेवलात, नूतनबाईंचं म्हणणं पटतं असंही म्हणालात. पण तेवढ्यात तुमच्या हाती आहेराची पिशवी आली, आणि आतली साडी कोणाच्या माथी मारायची हे ठरवण्यात तुम्ही गुंतलात.