गार्डआप्पांची रविवारची गाडी

पक्षी बघायला निघालेल्या ग्रुपचा म्होरक्या पुढे चालतो. आमचा सगळ्यात मागे चालायचा. पुढे मी, माझ्यामागे रांगेत पाच-सहा जण आणि शेवटी, दहा पावलांचं अंतर राखून, काखेत एक हिरवं आणि एक लाल निशाण धरलेले गार्डआप्पा. गंमत अशी की रस्ता फक्त त्यांनाच ठाऊक. प्रत्येक फाट्याला मी थांबून मागे बघायची आणि आप्पा हिरवं निशाण ज्या बाजूला हलवतील तिकडे वळायची. "आप्पा, तुम्हीच पुढे या ना," असं मी पहिल्याच रविवारी म्हटलं, तर त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

"बाई, गार्ड कवा इंजनाच्या म्होरं असतो व्हय?"

म्हणजे मी इंजिन. दौंडच्या शाळेत शास्त्र शिकवणाऱ्या बाईला एवढी बढती दुसऱ्या कुणी दिली नसती.

आप्पा मालगाडीचे गार्ड म्हणून रिटायर झाले होते. मूळ गाव शिरूर तालुक्यातलं केंदूर. रिटायर झाल्यावर ते ट्रंक घेऊन रीतसर गावी गेले आणि चौथ्या महिन्यात त्याच ट्रंकेसह दौंडला परत आले. कारण विचारलं तर म्हणायचे, "घर माझ्याबिगर टायमात चालतंय. मी गेलो की लेट व्हतंय." आयुष्यभर ड्यूटीच्या निमित्ताने बाहेर राहिलेला माणूस. बायकोने, मुलाने, सुनेने आपापल्या वेळा लावून घेतलेल्या. त्यात हे पहाटे उठून गोठ्यात शिट्टी वाजवणार! मग रेल्वे कॉलनीच्या पाठीमागे दोन खोल्या भाड्याने घेतल्या आणि आमचा ग्रुप काढला. पोस्टातले दोघे, एक कंपाउंडर, पार्सल ऑफिसातले नवरा-बायको, असे आम्ही जमेल तसे जमायचो. सकाळच्या पॅसेंजरने पुढच्या एका छोट्या स्टेशनावर उतरायचं आणि धरणाच्या फुगवट्याच्या पाण्यापर्यंत चालत जायचं.

आप्पांना पक्ष्यांची पुस्तकं ठाऊक नव्हती, पण पक्षी ठाऊक होते. मालगाडीला कुठल्याही स्टेशनात बाजूच्या लूप लाइनीवर घालून तास-तास उभी करतात. गार्डाच्या डब्यात तेव्हा करायला काही नसतं. आप्पांनी त्या तासांत पक्षी पाहिले. त्यामुळे त्यांची नोंदही रेल्वेचीच. वहीत लिहायचे, "सात सत्तावीस. चक्रवाक दोन. डाऊन." डाऊन म्हणजे सोलापूरकडे उडाले. पुण्याकडे उडाले तर अप. "बाई, अपला बघा, अपला!" असं ते मागून दबक्या आवाजात ओरडले की आम्ही आधी पुणं कुठल्या बाजूला ते शोधायचो. तोवर पक्षी पुण्याला पोचलेला असायचा. शिट्टी मात्र ते पाणी दिसायला लागलं की आपणहून खिशात घालायचे आणि खिशाचं बटण लावायचे.

दोन हिवाळे असे बरे गेले. मग थोरवे साहेब आले.

थोरवे साहेब शिरूरकडच्या एका कारखान्यात इंजिनिअर. रविवारी पहाटे न्हावऱ्यावरून जीप हाकत दौंडला यायचे. गळ्यात हातभर लांबीची लेन्स. माणूस वाईट नव्हता, पण घाईचा होता. त्यांना रोहित पक्ष्याचा, म्हणजे फ्लेमिंगोचा, फोटो हवा होता. तो थव्याचा, उडतानाचा आणि कोवळ्या उन्हातला हवा होता. त्यासाठी ते चार रविवार आमच्या रांगेत मधल्या डब्यासारखे मुकाट चालले.

चौथ्या रविवारी रोहित सापडले. समोर उथळ पाण्यात निदान पन्नास तरी असतील, माना खाली घालून चरत होते. अजून थोडं पुढे जायचं होतं. मी शिस्तीने मागे पाहिलं तर आप्पा बरेच लांब उभे आणि हातात लाल निशाण. आम्ही थांबलो. गार्डाने लाल दाखवलं की गाडी हलत नाही, हे आमच्या अंगात इतकं भिनलं होतं की पुढे जावं असं कुणाच्या मनातही आलं नाही. पाच मिनिटं झाली, दहा झाली. ऊन चढलं. थोरवे साहेब माझ्या कानाशी म्हणाले, "बाई, आपण नेमकं कशासाठी थांबलोय?" मला काय ठाऊक!

मी मागे गेले. आप्पांच्या पायाशी दगडगोट्यांत टिटवीची चार अंडी होती. आम्ही सगळे त्या अंड्यांच्या अगदी बाजूने चालून आलो होतो आणि एकालाही ती दिसली नव्हती. पलीकडून एक धनगर मेंढरं घेऊन येत होता, म्हणून आप्पा लाल निशाण उघडून त्याच्या वाटेत उभे.

"आप्पा, मेंढरं काय रेल्वे हाय व्हय निशाण बघून थांबायला?" धनगर हसत होता.

"लाल हाय. लाल म्हंजी लाल."

"आन् मी कुठनं जाऊ?"

"तिकडनं. लूप लाइनीनं."

धनगर भला होता. त्याने शीळ घालून अख्खा कळप बाभळींच्या पलीकडून वळवला. दोनशे मेंढरांची धूळ उठली, कुत्री भुंकली आणि समोरचे पन्नास रोहित एकदम उठून निघून गेले. डाऊनला. थोरवे साहेबांच्या कॅमेऱ्यात त्या दिवशी निव्वळ धूळ आली.

पुढच्या आठवड्यात पोस्टाच्या पायऱ्यांवर आमची मीटिंग झाली. थोरवे साहेब म्हणाले, येत्या रविवारी जीपने थेट पाण्यापर्यंत जाऊ. आप्पांना नको. एकदाच, फोटोपुरतं. कुणी हो म्हणालं नाही, पण नाहीही म्हणालं नाही, मीसुद्धा नाही. खरं सांगायचं तर चार फाट्यांवर मान वळवून माझीही मान अवघडली होती. शेवटी शनिवारी जाऊन आप्पांना 'उद्याचं रद्द' असं सांगायचं काम माझ्यावर आलं, कारण बाई खोटं बोलतील असं त्यांना वाटणार नाही.

शनिवारी शाळा सुटल्यावर गेले. आप्पांनी दार उघडलं, मला बघितलं आणि क्षणभर तसेच उभे राहिले.

"आप्पा, उद्याचं रद्द झालंय. कुणालाच जमत नाहीये."

"बरं," ते म्हणाले. "बरं झालं सांगितलंत. आत या. च्या घ्या."

मला पळून जायचं होतं, पण ते स्टो पेटवायलाही लागले होते. एकुलत्या एका खुर्चीवरची वर्तमानपत्रं उचलून त्यांनी टॉवेलने खुर्ची दोनदा पुसली. चहात आलं टाकलं, मग वेलदोडा शोधला. डबे उघडून उघडून बिस्किटांचा पुडा काढला. मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "आप्पा, डब्यात एकटं भीती नाही वाटायची?"

"भ्या कशाचं? पर एक व्हायचं बगा. एकदा पाऊस उघडल्यावर मोर नाचला, रुळाच्या कडंला, पार माझ्या डब्यापाशी. सगळा पिसारा. मी आपला हळूच म्हणलं, 'बघा बघा.' आन् मागं वळलो तर कोन न्हाई." ते हसले. "पक्षी काय, तीस वर्षं दिसत व्हते. दावायला कुनी नव्हतं."

कप खाली ठेवून मी घरी आले. खरं सांगावं असं दारात वाटलं होतं. सांगितलं नाही.

रविवारी जीप पाण्यापाशी पोचली. रोहित कुठे दिसेनात. आणि बाभळीखाली, सकाळच्या पॅसेंजरने येऊन, आप्पा उभे होते.

थोरवे साहेब खाली उतरले, त्यांचा चेहरा पार उतरला होता. "आप्पा... तुम्हाला निरोप..."

"मिळाला की," आप्पा म्हणाले. "बाई काल घरी येऊन सांगून गेल्या. जीपमधी जागा कमी, म्हणलं मी जातो रेल्वेनं म्होरं." माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही. "पक्षी त्या वळणापल्याड बसल्यात. गेल्या टायमाला माझ्यापायी हुकलं तुमचं. चला, पर बोलू नका."

रोहित तिथेच होते. थोरवे साहेबांना थवा मिळाला, उडतानाचा मिळाला आणि कोवळ्या उन्हातलाही मिळाला. सगळे पुढे सरकले, तेव्हा मी आप्पांपाशी थांबले.

"आप्पा, मी तुमच्याशी खोटं बोलले."

"ठावं हाय."

"कधी कळलं?"

"दारातच. तुमचं तोंड सांगत व्हतं की."

मला रागच आला, त्यांचा की माझा कोण जाणे. "मग तेव्हाच बोलायचं ना! वर चहा कशाला केलात?"

आप्पांनी शिट्टीच्या खिशाचं बटण चाचपलं.

"बाई, मी दौंडला ऱ्हायला आल्यापासनं," ते म्हणाले, "माझ्या घरी कुनी आलं नव्हतं."